भरतीच्या वाटेवरचे सांडपाणी : शिरवणे आणि ठाणे खाडी

पारसिकच्या डोंगररांगेपासून ठाणे खाडीपर्यंतची नवी मुंबईची भूमी ही एक अरुंद पट्टी असून, तेथील जलप्रदूषणाचा प्रश्न या भूरचनेतूनच समजून घ्यावा लागतो. डोंगरावरून पश्चिमेकडे उतरणारे ओहोळ काही किलोमीटरांतच खाडीला मिळतात आणि त्यांत बारमाही नदी म्हणावी असा एकही प्रवाह नाही. जुईनगर व नेरुळ यांच्यालगतचे शिरवणे हे जुने गाव याच पट्टीत वसले असून, त्याच्या पूर्वेस, महामार्गापलीकडे, औद्योगिक वसाहत व डोंगर, तर पश्चिमेस खाडी आहे. त्यामुळे डोंगराचे पाणी आधी कारखान्यांच्या आवारांतून आणि मग लोकवस्तीतून खाडीकडे जाते.

आगरी आणि कोळी समाजांनी या किनाऱ्यावर बांध घालून खारजमिनीत भात पिकवले, मिठागरे राखली, आणि निवटे, बोय, चिंबोरी व कोळंबी यांवर संसार चालवले. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायने, रंग व औषधे यांचे कारखाने उभे राहिले, आणि 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या नगरविकास महामंडळाने 95 गावांच्या परिसरात नवे शहर वसवले.

पावसाळा सरला की ओहोळांचे नैसर्गिक पाणी आटते आणि पात्रात मुख्यतः सांडपाणीच उरते, म्हणजे ते सौम्य करणारे गोडे पाणी उरत नाही. पुढे खाडीही ते तत्परतेने समुद्रात नेत नाही, कारण दिवसातून दोनदा येणारी भरती ओहोटीने नेलेल्या पाण्याचा काही भाग परत आत आणते, आणि ठाण्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या भागात पाण्याची अदलाबदल मंद असते. सांडपाण्यातील शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू बारीक गाळाच्या कणांना चिकटतात आणि चिखलात राहणाऱ्या जीवांमार्फत अन्नसाखळीत शिरतात.

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना सूक्ष्मजीव जेवढा ऑक्सिजन वापरतात, त्या मापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. अंतर्गत जलप्रवाहात सोडण्याच्या पाण्यासाठी तिची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम, तर किनारी सागरी भागासाठी 100 मिलिग्रॅम आहे. या मर्यादा तीव्रता मोजतात, एकूण भार मोजत नाहीत. 30 मिलिग्रॅमची मर्यादा पाळणारे दहा लाख लिटर पाणी 30 किलोग्रॅमची मागणी घेऊन येते, आणि त्याच मर्यादेत राहून एक कोटी लिटर सोडल्यास ती 300 किलोग्रॅम होते. याच औद्योगिक पट्ट्यातील पावणे येथील सामायिक प्रक्रिया केंद्र अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करते, आणि छोट्या उद्योगांसाठी ती व्यवस्था आवश्यकच आहे. तथापि खाडी किती भार सोसू शकते, या प्रश्नाचे उत्तर एकट्या केंद्राच्या कामगिरीतून मिळत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात नवी मुंबईला 73.77 गुण मिळाले; 70 च्या वर गुण असलेली क्षेत्रे अतिप्रदूषित मानली गेली होती. पुढे 2015 मध्ये याच खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमीचा, दर्जा मिळाला. मात्र सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळेही शेवाळ वाढत असल्याने, ते खाणाऱ्या पक्ष्यांची गर्दी हा पाण्याच्या शुद्धतेचा पुरावा मानता येत नाही.

म्हणून प्रत्येक ओहोळाच्या मुखाशी प्रवाह आणि तीव्रता दोन्ही मोजून दैनंदिन भार किलोग्रॅममध्ये नोंदवणे, कोरड्या महिन्यांसाठी वेगळी मर्यादा ठरवणे, आणि त्या नोंदी शिरवण्यासारख्या गावांतील रहिवाशांना व मच्छीमारांना मराठीत खुल्या करणे, हा नियमनाचा पाया असला पाहिजे. ज्यांच्या जमिनीवर हे उद्योग आणि शहर उभे राहिले, त्यांचा या माहितीवर पहिला हक्क आहे.