विमानाच्या नाकात पालथा

नकाशावर पुण्यापासून गोव्यातल्या दाबोळीपर्यंत पट्टी ठेवा. सावंतवाडी जवळजवळ त्या रेघेखालीच सापडते. 18 डिसेंबर 1961च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या, पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत 63 हजार पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टनांचे बॉम्ब टाकले. खाली दोडामार्गाकडून 50वी पॅराशूट ब्रिगेड पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरत होती. सावंतवाडी, दोडामार्ग ज्यात येतात तो आमचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. वेगळा झाला तो 1981मध्ये.

अशा हल्ल्याच्या गोष्टीत वैमानिक मिरवतो. मला कुतूहल त्याच्या खाली बसलेल्या नॅव्हिगेटरचं.

भारताने 1957मध्ये मागवलेल्या कॅनबेरांत बॉम्बफेकीचा बी-आय-58 हा प्रकार मुख्य. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली, किंचित डावीकडे, चहूकडे उजेड. नॅव्हिगेटर खालच्या अंधाऱ्या खोबणीत, नकाशे पसरलेल्या अरुंद फळीशी. लक्ष्य जवळ आलं की तो सरपटत पुढे जायचा, नाकाच्या काचेत पोटावर पालथा पडायचा आणि नेम धरायच्या यंत्राला डोळा लावायचा. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आता सरळ. एवढा वेळ विमान वर बसलेल्याच्या हातात, पण पालथ्या पडलेल्याच्या शब्दावर चालायचं. आणि वैमानिकाला संकटात बाहेर फेकणारी खुर्ची होती, याला नव्हती. फक्त पॅराशूट आणि बाजूला दार. विमान खाली असेल, गिरक्या घेत असेल, तर त्या दारापर्यंत पोहोचायचं कसं, हे आरेखन करणाऱ्यांनाच विचारायला हवं!

दाबोळीला काम नाजूक होतं. धावपट्टी उखडायची, पण इमारतींना धक्का लावायचा नाही. सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखालची आठ कॅनबेरा दुसऱ्या फेरीला आली, तीही इमारती वाचवूनच गेली. गंमत अशी, की पोर्तुगिजांनी रातोरात खड्डे भरून सुमारे सातशे मीटरचा तुकडा कामापुरता केला आणि उभी असलेली दोन प्रवासी विमानं त्यावरून निसटली.

पुढे 1965 आणि 1971च्या युद्धांत कॅनबेरा पाकिस्तानच्या तळांवर रात्री जात राहिली. 21 मे 1999ला कारगिलवर छायाचित्रं घेताना क्षेपणास्त्राने एका कॅनबेराचं एक इंजिन निकामी केलं, तरी तिच्यातल्या पेरुमल आणि झा यांनी तिला श्रीनगरला उतरवलं. 11 मे 2007ला आग्र्यात कॅनबेरा निवृत्त झाली. इतकी वर्षं जेट बॉम्बफेकी विमान टिकणं नवलाचंच.

दाबोळी 1962पासून नौदलाकडे आहे. ऑक्टोबर 2021मध्ये चिपीचा विमानतळ सुरू होईपर्यंत मुंबईहून विमानाने येणारा मालवण-वेंगुर्ल्याचा चाकरमानी तिथेच उतरायचा आणि पेडणे, पत्रादेवी, बांदा असा उलटा उत्तरेला घरी यायचा.