आधी नाक खाली

५ मार्च २०१५. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून एका इंजिनाचे, जुने रायन जातीचे विमान उडाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांना शिकवण्यासाठी बांधलेल्या या विमानात एकटेच होते हॉलिवूडचे अभिनेते हॅरिसन फोर्ड, वय ७२. सुमारे अकराशे फुटांवर इंजिनाची शक्ती गेली. फोर्ड यांनी टॉवरला परत येत असल्याचे कळवले आणि विमान डावीकडे वळवायला घेतले. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आले की धावपट्टी हाती लागत नाही. त्यांनी तिचा नाद सोडला आणि जवळचे गोल्फचे मैदान धरले. झाडाच्या शेंड्याला लागून विमान आदळले. फोर्ड गंभीर जखमी झाले, पण वाचले. तपासात कार्ब्युरेटरमधला इंधनाचे प्रमाण ठरवणारा जेट आपल्या जागेवरून सुटून फिरलेला आढळला.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नाद सोडण्याचा क्षण. कारण उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडून जे वैमानिक दगावतात, त्यांतले बरेच इंजिन बंद पडल्यामुळे नव्हे, तर धावपट्टीकडे वळता वळता दगावतात. मागे राहिलेली धावपट्टी ओळखीची असते, लांबरुंद असते. समोर अनोळखी शेत असते. मन मागे धावते, हात त्याचे ऐकतो, आणि विमान मात्र भौतिकशास्त्राचे ऐकते.

सेस्ना १७२ हे विमान घेऊ, जगभरच्या प्रशिक्षणात सर्रास दिसणारे. त्याच्या एस मॉडेलचा चढण्याचा वेग साधारण ७४ नॉट असतो आणि नाक वर असते. पंखांवरचा हवेचा आधार सुटतो, म्हणजे विमान स्टॉल होते, ते ४८ नॉटच्या आसपास. मधले अंतर फार नाही. इंजिन थांबले आणि नाक तसेच वर राहिले, तर हे अंतर काही सेकंदांत संपते. म्हणून पहिले काम एकच : कंट्रोल पुढे ढकलून नाक खाली घ्यायचे. उतारावर पॅडल न मारता सायकल जशी चालते, तसे हे विमान उंची खर्चून वेग राखते. आपल्या सेस्नाला हा वेग ६८ नॉट लागतो, आणि एक फूट उतरताना ते सुमारे नऊ फूट पुढे जाते. पाचशे फुटांवर इंजिन गेले, तर हातात उरतात चाळीसएक सेकंद.

त्यातले पहिले तीन-चार सेकंद धक्क्यातच जातात. हे घडते आहे यावर मनाचा विश्वास बसत नाही. प्रशिक्षक हिशेब करताना हे सेकंद धरूनच चालतात, आणि तेच बरोबर आहे.

आता वळण्याचा विचार करा. विमान जागच्या जागी वळत नाही. ६८ नॉट वेगाने आणि ३० अंशांच्या कलाने अर्धे वर्तुळ काढले, की तोंड विमानतळाकडे होते खरे, पण विमान धावपट्टीच्या रेषेपासून चारशेहून जास्त मीटर बाजूला पडलेले असते. रेषेवर यायचे तर आणखी वळायचे, मग उलट वळून सरळ व्हायचे. एकूण वळण अडीचशे अंशांच्या पुढे जाते, वेळ अर्ध्या मिनिटाच्या जवळ. कललेले विमान सरळ विमानापेक्षा वेगाने उतरते. धक्क्याचे सेकंद धरून माझा हिशेब साडेचारशे ते पाचशे फुटांचा येतो, तोही प्रत्येक हालचाल अचूक झाली तर.

मग जास्त कलून लवकर वळले तर? कल वाढला की पंखांवरचा भार वाढतो आणि स्टॉलचा वेगही वाढतो. ४५ अंशांना ४८ नॉटचे ५७ होतात, ६० अंशांना ६८. म्हणजे ज्या वेगाने आपण घरंगळत उतरत होतो, नेमका त्याच वेगाला विमान स्टॉल होते. त्यातच जमीन जवळ येताना दिसली की वैमानिक नकळत नाक वर ओढतो आणि वळण लवकर संपावे म्हणून रडर दाबतो. विमान एका पंखावर कोसळते. तेवढ्या उंचीवर ते सावरता येत नाही.

अमेरिकन नौदल अकादमीचे प्राध्यापक डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५ मध्ये या वळणाचे गणित मांडले. सर्वांत कमी उंची खर्च होते ती ४५ अंशांच्या कलात आणि स्टॉलच्या वेगाला जवळपास खेटून. गणित पक्के आहे, पण कागदावरचे सर्वोत्तम वळण कड्याच्या काठावर आहे, हेही तेच गणित सांगते.

वाऱ्याची गोष्ट तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर होते. परत फिरून उतरले की तोच वारा पाठीशी येतो. हवेत ५५ नॉट वेग असलेले विमान १० नॉट वाऱ्यात सरळ समोर उतरले तर जमिनीवर ४५ नॉटने टेकते, परतून उतरले तर ६५ नॉटने. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे दुपटीहून जास्त.

म्हणून समोरच उतरायचे. डावी-उजवीकडे तीस-तीस अंशांत जे बरे दिसेल ते घ्यायचे. बारामतीसारख्या ठिकाणी समोर उभा ऊस असेल, दुसरीकडे पावसाने चिखल झालेली काळी जमीन असेल. नांगरलेल्या शेतात सरींच्या दिशेने उतरावे, नाहीतर चाके अडकून विमान उलटते. मिक्स्चर, इंधन आणि मॅग्नेटो बंद करावे, फ्लॅप पूर्ण सोडावेत, मग मास्टर स्विच बंद, आणि टेकण्याआधी दाराची कडी उघडी. वेळ कमी असेल तर यातले काही राहून जाईल, पण वेग आणि दिशा राहून चालणार नाही. झाडे टाळता येत नसतील तर दोन झाडांच्या मधून जावे. पंख तुटू द्यावेत. तुटणारा पंख धक्का शोषून घेतो. विमान वाचवायचे नाही, केबिनमधली माणसे वाचवायची.

इंजिन पूर्ण बंद पडण्यापेक्षा फसवे असते ते अर्धवट चालणे. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने २००० ते २०१० या काळातल्या एक-इंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या. उड्डाणानंतर शक्ती अंशतः गेल्याच्या २४२ घटना होत्या, त्यांतल्या नऊ प्राणघातक. इंजिन पूर्ण थांबल्याच्या ७५ घटना होत्या, त्यांत मृत्यू एकही नाही. पूर्ण थांबलेले इंजिन निर्णय घ्यायला भाग पाडते. धडधडणारे इंजिन आशा लावते, आणि आशेवर वैमानिक वळत राहतो.

आपल्याकडे इंजिन बंद पडण्याची एक जोखीम पावसाळ्याची. दमट हवेने टाकीच्या आत पाणी साचते, आणि बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. सकाळी टाकीतून काढलेले इंधन पारदर्शक भांड्यात धरून पाहणे, तळाशी पाण्याचा थेंब आहे का ते शोधणे, हे दोन मिनिटांचे काम कंटाळा येतो म्हणून कधीही टाळू नये.

बारामती, धुळे, गोंदिया इथे शिकणाऱ्या मुला-मुलींना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. तीन-चार हजार फुटांवर जा, थ्रॉटल मागे घ्या, चार सेकंद मोजा, धावपट्टीवर परतायला लागते तेवढे पूर्ण वळण घ्या आणि किती उंची गेली ते लिहून ठेवा. थ्रॉटल मागे घेतलेले इंजिन तरीही थोडे ओढत असते, म्हणून त्या आकड्यात निम्मी भर घाला. येणारी उंची हीच तुमच्या विमानाची मर्यादा. दर उड्डाणाआधी धावपट्टीच्या तोंडाशी थांबून ती मोठ्याने म्हणा : या उंचीखाली मी वळणार नाही, समोर अमुक शेत आहे, तिथे उतरेन. एकटे असलात तरी म्हणा.