कॅरनटूहिल, बर्फ आणि नोव्हेंबरचा छोटा दिवस

दिवाळी झाली, घड्याळं तासभर मागे गेली, आणि केरीतले डोंगरमाथे पांढरे दिसायला लागले, की ओळखीतल्या ट्रेकर मंडळींचा प्रश्न ठरलेला: "कॅरनटूहिल एकट्यानं, एका दिवसात होईल का?" सह्याद्रीत पाय घट्ट झालेल्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. आपलं कळसूबाई 1,646 मीटर आणि आयर्लंडचं हे सर्वोच्च शिखर अवघं 1,039.

पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. कळसूबाईला वाट मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या, वर देवीचं देऊळ, आणि वाटेत लिंबू सरबत. इथे यातलं काहीच नाही. 'डेव्हिल्स लॅडर' नावाची नेहमीची वाट आहे, तीही शिडी नव्हे. सुट्या दगडांची खडी घळ आहे.

या डोंगररांगेला रीक्स म्हणतात. इथल्या बोलीत रीक म्हणजे गवताची गंजी. कॅरनटूहिल, बीनकेरा आणि काहर ही देशातली तीन सर्वांत उंच शिखरं इथे घोड्याच्या नालेसारखी उभी आहेत, पोटात तळी घेऊन. तिन्ही एका दमात करायची तर सुमारे 13 किलोमीटर चाल आणि साधारण 1,200 मीटर चढ.

आता हिशोब करू. 1892 साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं दिलेला आडाखा अजून वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे साडेचार तासांहून थोडं जास्त. हे कोरड्या वाटेवर, न थांबता. बर्फात मी त्यात निम्मी भर घालतो. झाले सात तास. नोव्हेंबरअखेर केरीत उजाडतं सव्वाआठला आणि सूर्य मावळतो साडेचारच्या सुमारास. हाताशी उरला जेमतेम तास. ऑफिसात असा प्रोजेक्ट प्लॅन आला तर मी सही करणार नाही.

थंडीचंही गणित आहे. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी सहा अंश, म्हणजे माथ्यावर शून्याच्या आसपास. त्यात ताशी 50 किलोमीटरचा वारा धरला तर अंगाला उणे आठ भासतं. समुद्र जवळ असल्यानं इथला बर्फ टिकत नाही. दुपारी वितळतो, रात्री गोठतो, आणि सकाळी खडकावर काचेसारखा थर असतो. ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा हा थर वाईट. तो असेल तर बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे क्रॅम्पॉन हवेत, आणि ते वापरायचा सराव हवा. नसेल तर त्या दिवशी माथा नाही.

म्हणून एकट्यानं जायचं तर माझं मत असं: बीनकेरा ते कॅरनटूहिल ही धार सोडून द्या. ती अरुंद आहे, हात टेकत जावं लागतं, दोन्हीकडे कडे. पश्चिमेकडून काहरवर चढा, जमलं तर कॅरनटूहिल गाठा, आणि त्याच वाटेनं परत. या बाजूलाही खोल कडे आहेत, पण धोका कमी, आणि आपलीच पावलं बर्फात उमटलेली असतात. साडेबाराला जिथे असाल तिथून मागे फिरा, शिखर समोर दिसत असलं तरी.

ढग खाली आले तर कॅरनटूहिलवरचा उंच पोलादी क्रॉस माथा आल्याचं सांगतो, उतरायची दिशा सांगत नाही. त्यासाठी होकायंत्र आणि कागदी नकाशा, ऑर्डनन्स सर्व्हेचा 78 नंबरचा. फोनची बॅटरी गारठ्यात भराभर उतरते. तो आतल्या खिशात ठेवा. डोक्याला लावायचा टॉर्च दिवसाही पिशवीत हवाच.

आणि घरी चिठ्ठी ठेवा. "संध्याकाळपर्यंत येतो" असली मोघम नको. कुठून चढणार, कुठून उतरणार, गाडी कुठे लावली, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 किंवा 999 वर फोन करून माउंटन रेस्क्यू मागायचं, हे लिहा. 112 ला एसएमएसही जातो, पण नंबरची नोंदणी आधी करून ठेवावी लागते. तुमच्या हाकेला येणारी केरीची टीम 1966 पासून आहे आणि त्यातली सगळी माणसं स्वयंसेवक आहेत. आपापली कामं टाकून अंधारात वर चढतात. चिठ्ठीत वाट नेमकी असेल तर त्यांना अख्खा डोंगर धुंडाळावा लागत नाही.