बारा वर्षे कुलपात

जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना कळवले की, परदेशातल्या निवडणुका निकोप झाल्या की नाही यावर यापुढे शक्यतो बोलू नका. आपले ठळक हित गुंतले असेल तरच बोला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांच्या जाहीरनाम्याला वीस वर्षे पूर्ण झाली. 27 ऑक्टोबर 2005 ला तो संयुक्त राष्ट्रांत मांडला गेला, तेव्हा मी एका दैनिकाचे परदेशचे पान लावत होतो. आता निदान नियम तरी लेखी आले, याचा मला मनापासून आनंद झाला होता. म्हणून हा मागोवा.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. 1953 साली सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. पुढची साडेतीन दशके शीतयुद्धाने खाल्ली. 1990 ला निकाराग्वात संयुक्त राष्ट्रे आणि जिमी कार्टर यांच्या देखत सत्ताधारी सँडिनिस्टा हरले, सत्तेवरून पायउतार झाले आणि निरीक्षक पथकांच्या शब्दाला वजन आले.

ते वजन कसे उतरले, हे मी 2002 च्या मार्चमध्ये पाहिले. झिम्बाब्वेत अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे विरुद्ध विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई अशी लढत होती. युरोपीय पथकाचे स्वीडिश प्रमुख पिएर शोरी यांना मुगाबे सरकारने फेब्रुवारीतच देशाबाहेर काढले. युरोपने पथक मागे घेतले आणि निर्बंध लादले. हरारेत मतदान केंद्रे कमी केलेली, लोक तासन्‌तास रांगेत, न्यायालयाच्या आदेशाने मतदान तिसऱ्या दिवशीही चालू. मग एका दिवसाच्या अंतराने दोन बातम्या आल्या. दक्षिण आफ्रिकेचे पथक म्हणाले, निवडणूक वैध. राष्ट्रकुलाचे पथक म्हणाले, मतदारांना आपली इच्छा मोकळेपणी मांडता येईल अशी परिस्थितीच नव्हती.

आमच्या वृत्तसंपादकांनी ‘वैध’ला मथळा दिला आणि राष्ट्रकुलाला आतल्या पानावर चार ओळी. “गोऱ्यांची पोटदुखी आहे ती,” ते म्हणाले. राष्ट्रकुल पथकाचे प्रमुख अब्दुलसलामी अबुबकर आहेत, नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख, हे मी त्यांना त्या रात्री दोनदा सांगितले. पान तसेच छापायला गेले. मुगाबे स्वातंत्र्यलढ्याचे नेते म्हणून आपल्याकडे त्यांच्याबद्दल आपुलकी होती, ती मलाही होती. पण रांगेत उभा राहून मत न देताच परतलेला माणूसही त्याच लढ्याचा वारस होता.

त्या रात्री आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते की तिसरा अहवालही आहे. दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष म्बेकी यांनी सिसी खाम्पेपे आणि डिकगांग मोसेनेके या दोन न्यायाधीशांना स्वतंत्रपणे पाठवले होते. निवडणूक मुक्त आणि न्याय्य म्हणता येणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. म्बेकींनी तो कागद कुलपात टाकला आणि जगापुढे ‘वैध’ हा शब्द उभा राहिला. शेजारधर्माच्या नावाखाली केलेली ही मुत्सद्देगिरी मला आजही अक्षम्य वाटते. एका वृत्तपत्राने वर्षानुवर्षे खटला लढवला, तेव्हा नोव्हेंबर 2014 मध्ये तो अहवाल खुला झाला. मुगाबे अजून सत्तेवरच होते.

निरीक्षक चुकतातही. केनियात 2017 ला पथकांनी मतदानाची वाखाणणी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूकच रद्द ठरवली. चूक मी समजू शकतो, कारण चुकीचा अहवाल निदान सगळ्यांसमोर असतो आणि तो खोडता येतो. दडवलेला कसा खोडणार? याच्या उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीत टांझानियात इंटरनेट बंद, रस्त्यांवर रक्त आणि अध्यक्षांना 98 टक्क्यांच्या आसपास मते. तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाच्या पथकाने काही दिवसांतच सांगितले की, बहुतेक ठिकाणी लोकांना आपली इच्छा व्यक्त करता आली नाही. शेजाऱ्यांनीच शेजाऱ्याला हे सांगितले. 2002 साली याच एका वाक्याची वाट पाहिली होती.

आपणही निरीक्षक पाठवतो. मालदीवला 2013 मध्ये लिंगडोह यांच्यासारखे माजी मुख्य निवडणूक आयुक्त गेले होते. वॉशिंग्टन गप्प बसणार असेल, तर दिल्लीची जबाबदारी वाढते. माझी मागणी एवढीच आहे: यापुढे आपले पथक जिथे जाईल, तिथला त्याचा अहवाल महिन्याभरात, जसाच्या तसा, लोकांसमोर ठेवा.