दिब्रुगड ते चकलांबा : आकाशवाटेचे गणित

बीड जिल्ह्यातील चकलांब्याचा एक जवान आसामात दिब्रुगडजवळ नेमणुकीवर आहे, असे समजा. डिसेंबरात घरी लग्न आहे आणि रजा मिळाली आहे अवघी दहा दिवसांची. आगगाडीने जाण्यायेण्यातच पाच-सहा दिवस खर्ची पडतील. विमानाने आला तर?

चकलांब्याला सोयीचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा. त्याचे स्थान १९.९° उत्तर, ७५.४° पूर्व. दिब्रुगडच्या मोहनबारी विमानतळाचे २७.५° उत्तर, ९५° पूर्व. अक्षांशांत फरक ७.६°, रेखांशांत १९.६°.

एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशांचे मात्र तसे नाही. ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. या दोन ठिकाणांच्या मधोमध, सुमारे २३.७° अक्षांशावर, एका रेखांशाची रुंदी १०२ किलोमीटरच भरते. म्हणजे उत्तर-दक्षिण ८४४ आणि पूर्व-पश्चिम १,९९९ किलोमीटर. आता पायथागोरसला हाक मारा. कर्ण येतो सुमारे २,१७० किलोमीटर. पृथ्वीचा गोलाकार नीट हिशेबात घेऊन काढलेले उत्तरही यापासून चार-पाच किलोमीटरच दूर आहे! (फार लांबच्या प्रवासाला मात्र ही युक्ती चालत नाही.)

जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. धावपट्टीवरची हालचाल आणि चढ-उतार यांसाठी अर्धा तास जादा धरा. उत्तर येते सव्वातीन तासांच्या आत.

पण या दोन गावांमध्ये थेट विमान नाही. जवानाला दिल्लीला जाऊन विमान बदलावे लागते. दिब्रुगड-दिल्ली १,७६१ आणि दिल्ली-चिकलठाणा ९८२, म्हणजे २,७४३ किलोमीटर. त्यात चढ-उतार दोनदा, आणि दिल्लीत ताटकळणे वेगळेच. पुढे चिकलठाण्याहून चकलांबा सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर, पण एस. टी.ला त्याहून बरेच अंतर कापावे लागते. एकंदर दिवस मोडतोच.

आणखी एक अडचण हवेतच आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. हाच तुमच्या भूगोलातला जेट प्रवाह. त्याचा वेग ताशी १५० किलोमीटर धरू. घरी येताना तो समोरून येतो, म्हणून जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग उरतो ६८०. दिल्लीपर्यंतच्या टप्प्याला २ तास ३५ मिनिटे लागतात. परत जाताना वारा पाठीशी असतो, वेग होतो ९८०, आणि तेच अंतर १ तास ४८ मिनिटांत सरते. वेळापत्रकातही पश्चिमेकडच्या उड्डाणाला म्हणूनच जास्त वेळ धरलेला असतो.

तुम्ही म्हणाल, येताना गेले ते जाताना मिळाले, फिटंफाट झाली. बेरीज करून पाहा. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून ४ तास १५ मिनिटे लागली असती. वाऱ्यात लागतात ४ तास २३ मिनिटे. कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, पाठीच्या वाऱ्यात कमी.

घड्याळाचे काटे मात्र कुठेच बदलायला नकोत. वेळ सगळ्या देशाची एकच, सूर्याची मात्र नाही. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने दोन ठिकाणांत ७८ मिनिटांचा फरक पडतो. डिसेंबरात दिवस लहान, त्यात दिब्रुगड अधिक उत्तरेला. त्यामुळे सूर्यास्तातला फरक आणखी वाढतो. तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा चकलांब्याच्या शाळेच्या पटांगणावर चांगले ऊन असते.