ड्रॉइंग टॅबलेट: स्क्रीन नसलेली पाटी

२०२०च्या टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन झाले आणि शिकवताना लिहून दाखवण्यासाठी ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या घराघरांत ड्रॉइंग टॅबलेटची विचारणा होऊ लागली. अनेकांना तो मोठा मोबाइल वाटतो. साध्या ड्रॉइंग टॅबलेटला मात्र स्क्रीनच नसते. तो संगणकाला जोडायचा. स्टायलस (लेखणी) पाटीवर फिरते, रेघ संगणकाच्या स्क्रीनवर उमटते. नकाशात कल्याणवर टेकवलेले बोट कल्याणच दाखवते, तसा पाटीवरचा प्रत्येक बिंदू स्क्रीनवरच्या ठरावीक बिंदूशी बांधलेला असतो. म्हणूनच दोन्हींचे प्रमाण (लांबी-रुंदीचे गुणोत्तर) जुळले नाही, तर भूमितीच्या तासाला काढलेले वर्तुळ लंबगोल दिसते. सेटिंगमध्ये ते आधी जुळवून घ्यावे. शिकवण्यासाठी हे जाहिरातीतल्या ८१९२ दाब-पातळ्यांपेक्षा (लेखणी किती जोराने दाबली हे मोजणाऱ्या पायऱ्यांपेक्षा) कितीतरी महत्त्वाचे आहे. त्या पातळ्या रेघेची जाडी बदलतात, अक्षर सुधारत नाहीत.