परवाना कोणाचा, बंदूक कोणाच्या हाती

डिसेंबर 2019 मध्ये विक्रोळीच्या टागोर नगरात, साईमंदिराजवळ, भर सकाळी शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यावर गोळीबार झाला. हल्लेखोराला लोकांनीच धरून पोलिसांच्या हवाली केले. त्यासाठी कोणाला परवाना लागला नाही. तरी अशा घटनेनंतर चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानी पडते: ‘स्वतःच्या रक्षणासाठी माणसाजवळ काहीतरी हवंच.’

कायद्याचे म्हणणे फार वेगळे नाही. फक्त ‘काहीतरी’ म्हणजे पिस्तूल, असे तो म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. जिवाची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिडहल्ल्याची रास्त भीती असेल, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. हल्ला होत असताना माणसाने भेकडासारखे पळून जावे अशी अपेक्षा नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये दर्शन सिंग खटल्यात सांगितले. मेख आहे ती कलम 37 मध्ये. पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही.

ही मेख हिललाईन पोलीस ठाण्याला लावून पाहा. 2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री उल्हासनगरच्या या ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनातच, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे स्थानिक नेते महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मुलाला मारहाण होत होती, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळीबार केला, असे त्यांनी वृत्तवाहिनीला सांगितले. निकाल न्यायालय देईल. पण पोलिसांसमोर बसलेल्या माणसाला पोलिसांकडे जायला वेळ नव्हता, हे पटवणे अवघडच. सहाच दिवसांनी दहिसरकडे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. मारणाऱ्याच्या हातातले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होते, परवाना उत्तर प्रदेशातला. 2006 मध्ये प्रवीण महाजन यांनी सख्ख्या भावावर, प्रमोद महाजन यांच्यावर, रोखलेले पिस्तूलही परवान्याचेच. अभिनेते गोविंदा यांच्या पायात 2024 मध्ये शिरलेली गोळी तर त्यांच्याच रिव्हॉल्व्हरची. शहरातले परवान्याचे शस्त्र चोरापेक्षा घरच्या नाहीतर ओळखीच्या माणसावर चालण्याचीच भीती मला जास्त वाटते.

अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा घटनादत्त हक्क आपल्याकडे नाही. 1959 च्या कायद्याने मिळतो तो परवाना: मुंबईत पोलीस आयुक्तांकडून, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून. पोलीस अहवाल, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, सगळे लागते. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. कागदावर सगळे कडक. मात्र मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेवर परवाने असल्याचे उघड झाले, आणि मग ते रद्द करण्याची धावपळ सुरू झाली. वजन असलेल्याचा ‘जिवाला धोका’ कागदावर लवकर सिद्ध होतो, दुसरे काय!

या वादात ज्याचे नावही निघत नाही तो कोकणातला शेतकरी. विक्रोळीतल्या कितीतरी घरांचे गाव कणकवली, देवगड, संगमेश्वरकडे. तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, वर छर्रे, पुन्हा ठासायचे. एक बार भरेपर्यंत रानडुक्कर अर्धा वाफा उकरून पसार! अशी बंदूकही आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायला सांगतात. कोणाची ठेवायची, कोणाची जमा करायची हे ठरवायला छाननी समिती आहे, पण सरसकट नोटिसा काढणे सोपे पडते. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता आंबा-काजूच्या हंगामात आली आणि विधानसभेची भातकापणीत. वानरांना आणि डुकरांना मोकळे रान. कडकपणा दाखवायचा तो शहरी पिस्तुलांवर दाखवावा. या बंदुकांना सूट देऊन निवडणुकीचे काही बिघडणार नाही.

दिवाळीला गावी जाल तेव्हा एक काम करा. माळ्यावर आजोबांच्या नावाची बंदूक असेल आणि आजोबा हयात नसतील, तर ती तशीच ठेवणे बेकायदा आहे. शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. पावती घ्या आणि आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करा.